पिवळीचं इंजिन नेहमी गरम

३ सप्टेंबर २०२५, बुधवार. विजयनगर, म्हैसूर

आज जेवताना दिगंबरला सांगून टाकलं की मला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. त्यानं मीठ मागितलं. चार घास खाऊन झाल्यावर हात थांबवून म्हणाला, "कुणासाठी?"

माझं डोकंच फिरलं. कुणासाठी म्हणजे काय? आमच्या पांढऱ्या डबड्याला चौदा वर्षं मीच हाकते आहे. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण काटा चाळिसाच्या वर गेला की हा डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागतो. तरी पेट्रोल पंपावर पोरं मला सोडून त्यालाच विचारतात, सार, किती टाकू? आता घरातही तेच.

मार्चमधली गोष्ट त्याला सांगितलेली नाही. रिंग रोडच्या सिग्नलला मी स्कूटरवर थांबले होते. शेजारी एक पिवळीधमक गाडी येऊन उभी राहिली, इतकी बुटकी की बसल्या जागेवरून तिच्या टपावर कोपर टेकता आलं असतं. काचेवर ऊन चमकत होतं, आत कोण ते दिसेना. आतल्यानं एकदाच ॲक्सिलरेटर दाबला. तो आवाज माझ्या पोटात शिरला तो अजून बाहेर आलेला नाही. असेल कुणी श्रीमंताचा पोरगा. सिग्नल सुटला, गाडी चामुंडीच्या डोंगराकडे वळली सुद्धा, आणि मी मागचा बसवाला हॉर्न मारेपर्यंत तिथेच उभी.

मेमध्ये निवृत्त झाले. बावीस वर्षं म्हैसूरच्या पोरांना प्रमेयं सिद्ध करायला शिकवलं. देवश्रीचं लग्न झालं, घर झालं, बाबांच्या वाईच्या जमिनीचा वाटाही आला. देवश्री पुण्याहून फोनवर म्हणते, आई, तू काशीला जाऊन ये ना. जाईन की. गाडीनं जाईन.

हात धुऊन आल्यावर दिगंबर म्हणाला, घ्यायचीच तर तपासून घेऊ. एकतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी कंट्रोल केलेला माणूस, नारळ घेतानाही दुकानदाराला घाम फोडतो. नवी वही काढून त्यानं मुद्दे लिहायला घेतले. म्हणजे होकारच म्हणायचा.

७ सप्टेंबर, रविवार

कुवेंपुनगरात आम्ही कॉफीपूड घेतो त्या दुकानात एक फलक आहे. भाड्याची खोली, वीणेचे क्लास, हरवलेलं मांजर, असलं काहीबाही त्यावर लावलेलं असतं. आज तिथे कन्नडमध्ये हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. इटालियन स्पोर्ट्स कार विकणे आहे. पिवळी. मालक एकच. चामराजपुरम. दुकानदारानं विचारलं, चिकोरी किती टक्के? मी म्हणाले, "पिवळी."

(कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. दृष्ट लागते.)

दिगंबरला स्कूटरवर मागे बसवून थेट चामराजपुरम गाठलं. तिरुमलराव म्हणून एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ आहेत, सहा फूट उंच, अगरबत्तीचा मोठा धंदा होता, आता पुतणे बघतात. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरचे मराठी. त्यांची भाषा मध्येच कन्नडमध्ये उतरते आणि आपलं आपण परत वर येते. "बन्नि, बन्नि. या, बसा, कॉफी घेऊ," म्हणत त्यांनी गॅरेज उघडलं.

तीच. मार्चमधली. मला चक्क रडू आलं, गाडी बघून. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे असं व्हावं, पण झालं खरं.

दिगंबरनं पुढचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. आत इंजिनच नाही. एक घडी केलेली सतरंजी आणि पाण्याची बाटली. त्यानं फार सभ्यपणे विचारलं की इंजिन दुरुस्तीला दिलंय का. तिरुमलराव म्हणाले, इंजिन मागच्या बाजूला असतं एवढं मला ठाऊक आहे, बाकी हिला विचारा. ही म्हणजे त्यांची बायको सीतालक्ष्मी, शहात्तर वर्षांची, छोटीशी. ती पडवीत बसून मोगऱ्याची माळ ओवत होती. मग मी क्लचचं विचारलं, दिगंबरनं टायरचं विचारलं. दर वेळी उत्तर एकच: "मला काय ठाऊक? हिला विचारा." नको ते प्रश्न आले की बायकोच्या पदराआड लपायचं. मला नाही चालत असला माणूस.

आरसी पाहिली, तर गाडी सीतालक्ष्मींच्या नावावर. टॅक्स वाचवायला बायकोचं नाव पुढे करायचं, नेहमीचीच चलाखी. दिगंबरनं किलोमीटर टिपून घेतले: १,४१,२०८.

निघताना सीतालक्ष्मींनी माळेवरून नजर उचलून एवढंच विचारलं, "स्कूटर तुम्ही चालवत आला?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या.

८ सप्टेंबर, सोमवार

भाजी करपली. दोनदा.

१४ सप्टेंबर, रविवार

आमचा मेकॅनिक हयग्रीव म्हणतो, जुनी गाडी थंड इंजिनवर चालू करून बघायची. काही खडखड असेल तर ती तेव्हाच ऐकू येते. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर समजायचं, पाणी मुरतंय. म्हणून आज न कळवता सकाळी सातला हजर झालो. मी मागच्या झाकणावर तळहात ठेवला आणि चटका बसला. तव्यासारखं गरम.

तिरुमलरावांना विचारलं, तर त्यांनी पडवीकडे बोट केलं. पडवीत सीतालक्ष्मी कॉफी पीत बसल्या होत्या. त्या बिचारीला कशाला त्रास द्यायचा?

दिगंबरची तपासणी चालू होती. कारखान्यातून त्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागून आणलंय. बॉनेटवर मधोमध, पोळीएवढ्या जागेत, रंग दुप्पट जाड. म्हणजे कुठेतरी आपटली आणि वरून रंग मारला. त्यानं वहीत लाल पेनानं लिहिलं. मग काटा बघितला: १,४१,३७६. आठवड्यात एकशे अडुसष्ट वाढले. भागिले सात, बरोबर चोवीस. रोज कुणीतरी ही गाडी चोवीस किलोमीटर नेतं. रोज!

मग मी आत बसले. काय सांगू. सीट जणू माझ्या मापानंच बेतलेली, पाय क्लचवर अलगद टेकले. दिगंबर बसायला गेला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. तिरुमलराव तर त्याच्यापेक्षा उंच. म्हणजे ते चालवत नाहीत. दाराच्या कप्प्यात केसांच्या चार पिना निघाल्या, सुकलेला मोगऱ्याचा गजरा निघाला आणि बायकी गॉगल. पिना मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. पुरावा असू द्यावा.

१५ सप्टेंबर, सोमवार

सिद्धता. तिरुमलराव स्वतः चालवत नाहीत. चालवणारी व्यक्ती बुटकी आहे. ती बाई आहे, गजरा माळणारी आणि गॉगल लावणारी. रोज पहाटे गाडी बाहेर जाते. विचारलं की नवरा नजर चुकवतो आणि बायको गप्प बसते. म्हणून, तिरुमलरावांचं बाहेर कुणीतरी आहे, आणि ते तिला गाडी वापरायला देतात. हेच सिद्ध करायचं होतं.

एकोणऐंशीव्या वर्षी! आणि ती साध्वी पडवीत बसून माळा ओवते.

दिगंबरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आपल्याला गाडी घ्यायची आहे, चारित्र्याचा दाखला नाही. पुरुष सगळे एका माळेचे मणी.

२० सप्टेंबर, शनिवार

हयग्रीवला घेऊन साडेसहालाच गेलो. आज थंड इंजिन मिळणारच होतं. गॅरेज उघडं आणि गाडीच नाही! तिरुमलराव लुंगी सावरत धावत आले, आमच्या हातात कॉफीचे पेले दिले, आत नेऊन बसवलं आणि हवामानावर बोलत सुटले. दहा मिनिटांनी मागच्या गल्लीत तो आवाज आला. मी पेला खाली ठेवून उठले. बाहेर जाऊन पाहतो तर गाडी जागेवर, इंजिन गरम, आणि आत कुणी नाही.

ती गाडी ठेवून पळाली असणार. संताप झाला. त्यात नेमक्या त्याच वेळी सीतालक्ष्मी मागच्या दारानं आत आल्या. देवळातून आल्या असाव्यात, कपाळावर ताजं कुंकू, केस वाऱ्यानं विस्कटलेले, गाल लाल. एवढ्या पहाटे ही बाई चालत देवळात जाते आणि गाडी फिरवते कोण, तर ती दुसरी. मला त्यांच्याकडे बघवेना.

हयग्रीव तासभर गाडीखाली होता. बाहेर येऊन हात पुसत तो दिगंबरला म्हणाला, सार, क्लच चांगला आहे. सार, गिअर मऊ लागतात. मी मध्ये तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं त्यानं दिगंबरकडे बघून दिली. गाडी मी घेणार, चालवणार मी, आणि बोलणं ह्यांचं एकमेकांत. रिक्षातून परत येताना हयग्रीवला झापलं, तर तो म्हणतो, मॅडम, सवय आहे, दुसरं काही नाही. सवय म्हणे. डोळ्यासमोर उभं माणूस दिसत नाही ह्यांना.

त्याचा निकाल असा: रोज घाटात जाणारी गाडी आहे, पण चालवणारा उस्ताद आहे. मात्र थंड इंजिन ऐकल्याशिवाय तो हो म्हणणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दसरा सुरू झाला, गावभर दिवे आणि माणसं. आज बंगळूरहून कुणी सॉफ्टवेअरवाला गाडी बघून गेला. मागू ती किंमत द्यायला तयार होता. हे तिरुमलरावांनीच फोनवर सांगितलं. पण पुढे म्हणाले, हिनं नको म्हटलं. आतापर्यंत सात जण आले, सगळ्यांना हिनं नको म्हटलं. मग आमचं काय, विचारलं. "हिनं अजून नको म्हटलेलं नाही," म्हणाले.

म्हणजे सगळं त्या माउलीच्या हातात आहे. पण माझ्या सिद्धतेत इथे भोक पडतंय. नवऱ्याच्या त्या भानगडीची गाडी घरातून जाते आहे, तर हिला आनंद व्हायला हवा. आलेल्या माणसाला नको का म्हणते?

२७ सप्टेंबर, शनिवार

सीतालक्ष्मींनी गोंबे बघायला बोलावलं होतं. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. मी एकटीच गेले. त्यांच्याकडे सात पायऱ्या, राजा-राणी, लग्नाची वरात, वाण्याचं दुकान. सगळ्यात खालच्या पायरीवर हिरव्या कागदाचा डोंगर, त्याला वळणावळणाचा रस्ता, आणि रस्त्यावर पिवळी खेळण्यातली गाडी. नवऱ्यानं मांडायला लावली असेल. जखमेवर मीठ.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी धीर केला. म्हटलं, अम्मा, मला तुमच्याशी खोटं वागवत नाही. आणि पिनांची पुडी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ह्या तुमच्या गाडीत सापडल्या.

त्यांनी पुडी उघडली. एकेक पीन निरखून बघितली. मग त्यातली एक उचलली, सुटलेली बट वर घेतली आणि तिथे खोचली. "बरं झालं, दोन आठवडे शोधत होते," म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

काय धीराची बाई आहे! माझ्यासमोर लाज राखायला सवतीची पीन स्वतःच्या केसांत खोचली. मला भरून आलं. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला. स्कूटरच्या मुठीनं पडलेले घट्टे आहेत तिथे. विचारलं, पहाटे किती वाजता उठता? पाच, म्हटलं. चढावर गाडी बंद पडली तर काय करता? शिव्या देते, म्हटलं. पुन्हा हसल्या.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बुधवारी आयुधपूजेला या. दोघंही. आमच्यात ज्याचं आयुध त्यानंच पुजायचं असतं. बघायला गंमत येते."

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

आज जे झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे पुन्हा कधी मला माझ्या हुशारीचा गर्व झाला तर हे पान उघडता येईल.

दहाला पोचलो. म्हैसूरभर आज हेच चाललेलं, बसला हार, रिक्षाला केळीचे खांब, इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीला गंध. तिरुमलरावांच्या घरात प्रत्येक जण आपापल्या वस्तूपुढे पाट घेऊन बसलेला. स्वयंपाकाला येणारी पवित्रा विळीपुढे. तिरुमलराव अत्तर मोजायच्या पितळी तराजूपुढे, तल्लीन. मी म्हटलं, गाडीची पूजा झाली का? ते मंत्र न थांबवता गॅरेजकडे हात करून मोकळे.

गॅरेजात पिवळीपुढे रांगोळी होती. आणि पाटावर सीतालक्ष्मी बसल्या होत्या. ताम्हनात हळद, कुंकू, गाडीची किल्ली, शेजारी चालवायचे जाड चपटे बूट, आणि तो गॉगल. त्यांनी उठून बॉनेटवर मधोमध, अगदी दिगंबरच्या लाल पेनाच्या जागी, कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

माझ्या शेजारी दिगंबर हळूच म्हणाला, "कमल, तुझी ती दुसरी बाई सापडली."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सीट, गजरा, चोवीस किलोमीटर, कपाळावरचं कुंकू, वाऱ्यानं विस्कटलेले केस! आरसीवर तर नावच लिहिलेलं होतं. तिरुमलराव पहिल्या दिवसापासून घसा कोरडा करून सांगत होते, हिला विचारा. मी एकदाही पडवीपर्यंत चार पावलं गेले नाही. पंपावरच्या पोरांवर चिडते मी. हयग्रीवला झापलं मी. आणि एक म्हातारी गाडी चालवत असेल हे माझ्याच डोक्यात शिरलं नाही, मी गाडी घ्यायला निघालेली बाई असून. ती दुसरी बाई शोधून काढणं मला सोपं गेलं.

म्हटलं, "अम्मा, माझं चुकलं. मी तुम्हाला काहीच विचारलं नाही."

"आतापर्यंत कुणीच विचारलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "सात जण आले. सगळे ह्यांच्याशी बोलले. एकानं मला पाणी मागितलं. तू निदान पिना परत दिल्यास."

मग मी त्यांच्या पाटाशेजारी जमिनीवरच बसले आणि विचारलं. सगळं विचारलं. साठाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. तिरुमलरावांना वेगाची भीती. धंद्यासाठी इटलीला गेले असताना त्यांनी दुकानात ही पाहिली आणि बायकोसाठी घेऊन आले. रोज पहाटे चामुंडी, वर दर्शन आणि परत. बॉनेटवर दर आयुधपूजेला कुंकू लावून डाग पडला, म्हणून तेवढाच रंग दोनदा दिलेला. हळदीचे डाग दिसू नयेत म्हणून पिवळा रंग निवडला होता, कुंकवाचा विचार राहून गेला. दिगंबरनं वही काढून लाल ओळ खोडली.

का विकता, हे विचारायला माझी जीभ उचलेना. त्यांनी आपण होऊन सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अजून नाही म्हटलेलं नाही, पण पहाटेच्या अंधारात वळणं पूर्वीसारखी दिसत नाहीत. कुणी किल्ली काढून घ्यायच्या आधी आपल्या हातानं द्यावी. सांगताना त्यांचा आवाज जरा हलला.

"आज आयुधाला विश्रांती," त्या उठत म्हणाल्या. "आज कुणी हात लावायचा नाही. उद्या पहाटे ये. तुला थंड इंजिन पाहिजे होतं ना?"

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

साडेपाचला पोचलो. हयग्रीवही आला. झाकणावर हात ठेवला: थंडगार, देवळातल्या फरशीसारखं.

चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती. अम्मांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी फिरवली. एक क्षण काहीच नाही, आणि मग माझ्या पाठीमागे ते जागं झालं. खडखड नाही, कुरकुर नाही. हयग्रीव कान लावून उभा होता, त्यानं डोळे मिटले आणि मान डोलावली. दिगंबरनं एकशे बेचाळिसाव्या मुद्द्यासमोर बरोबरची खूण केली आणि वही बंद केली. लिंबं चिरडली.

डोंगरावर आज पोलीस आणि गर्दी असणार, म्हणून नंजनगूडचा रस्ता धरला. जाताना त्या चालवत होत्या, मी शेजारी. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, पदर खोचलेला, गॉगल कपाळावर. त्यांचा हात गिअरवर असा पडायचा की मी बघतच राहिले. गावाबाहेर रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी दाबली. मला वाटलं, मी किंचाळेन. मी हसायला लागले, थांबेनाच. त्या म्हणाल्या, "मार्चमध्ये रिंग रोडला एक बाई पिस्ता रंगाच्या स्कूटरवर माझ्याकडे अशी बघत होती, म्हणून मी स्वल्प ॲक्सिलरेटर दिला. तू पहिल्या दिवशी त्याच स्कूटरवर दारात आलीस. तेव्हापासून वाट बघत होते, ही कधी विचारते."

येताना मी चालवली. पहिल्या चढावर बंद पडली. शिवी दिली. अम्मांनी ती शिवी कन्नडमध्ये कशी द्यायची ते शिकवलं.

किंमत त्यांनी सांगितली, मी हो म्हटलं. वर दोन अटी: दर रविवारी पहाटे त्यांना डाव्या सीटवर बसवून चामुंडीला न्यायचं, आणि वळणावर त्या बोलल्या तर मी वाद घालायचा नाही. पहिली कबूल केली. दुसरीचा प्रयत्न करीन म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सह्या शुक्रवारी झाल्या. कचेरीतल्या माणसानं पुरुषांकडे दोन कागद सरकवले. तिरुमलराव आणि दिगंबर, दोघांनीही एकाच वेळी ते उचलून आमच्यापुढे ठेवले. चहा प्यायल्यासारखे सहज. मी आणि अम्मांनी एकमेकींकडे पाहिलं.

आज पहिला रविवार. गाडीत दोनच माणसं मावतात ही तिची सगळ्यात मोठी सोय आहे. नवरे पडवीत राहिले. दिगंबर तिरुमलरावांना तराजूचा काटा किती अचूक आहे ते तपासून देत होता, दोघेही सुखात. आम्ही वर गेलो, धुकं होतं, खाली गाव अजून उठायचं होतं. अम्मा सगळ्या वळणांवर बोलल्या. मी तीन वळणांवर वाद घातला. दर्शन घेऊन आलो तेव्हा मी किल्ली पुन्हा त्यांच्यापुढे धरली, उजाडलंय आता, उतरताना तुम्ही घ्या म्हटलं. त्यांनी किल्ली हातात घेतली, जरा वेळ धरली आणि माझ्या मुठीत परत ठेवली. "नको. इकडून डोंगर पण दिसतो. सोळा वर्षं नुसता रस्ताच बघितला," म्हणाल्या, आणि डाव्या बाजूला जाऊन बसल्या. माझे डोळे भरले, तर लगेच म्हणाल्या, डोळे पूस, वळण आहे.

तराजू झाल्यावर दिगंबर हयग्रीवच्या गॅरेजवर जाणार होता, परतताना त्याला तिथून घ्यायचं होतं. अम्मांना घरी सोडून मी गेले तर तो आधीच तिथे पोचून बाकावर बसलेला. पिवळी थांबली तशी आजूबाजूची दुकानं बाहेर आली. हयग्रीवनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टायर दाबून बघितले, आणि सवयीनं दिगंबरकडे वळून विचारलं, "सार, घाटात पिकअप कसं आहे?"

दिगंबर कॉफीचा घोट घेत म्हणाला, "मला काय ठाऊक? हिला विचारा."

हयग्रीव माझ्याकडे वळला. मी त्याला पाऊण तास सांगत होते.